पान लागलं तर न्यायचं कुठे?

आमच्याकडे देवगडला दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणायचं, फारतर किरडू म्हणायचं, आणि चावलं तर चावलं असं म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. आजी तर दिवसासुद्धा साप म्हणायची नाही. लहानपणी मला याचं हसू यायचं. आता चाळिशी उलटल्यावर, मुंबई सोडून गावी परत आल्यावर असं वाटायला लागलंय की नाव न घेण्याची ही सवय फक्त आमच्या आजीला नव्हती, ती आपल्या अख्ख्या यंत्रणेलाच आहे. बिबट्या आला की पेपरात फोटो येतो, माकडांवर बैठका होतात, हत्तींवर तर किती वर्षं चाललंय. आणि दर पावसाळ्यात गावागावातून चार-दोन माणसांना पान लागतं त्यावर मात्र कोणी काही बोलत नाही, नशीब म्हणायचं आणि पुढे जायचं.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट सांगतो. गवत कापणी चालू होती, संध्याकाळचे साडेपाच झाले असतील, काकी गडग्याच्या कडेचं गवत हाताने उपटत होती आणि एकदम हात झटकला तिने. गडगा म्हणजे चिऱ्यांचे तुकडे नि दगड नुसते एकावर एक रचून केलेलं कुंपण, ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्याच्यात फटी भरपूर. मी विचारलं काय झालं तर म्हणाली, "काय नाय रे, काटो लागलो आसतलो." अर्ध्या तासात बोट सुजून केवढं झालं आणि हिरडीतून रक्त यायला लागलं. तोपर्यंत शेजारच्यांनी मनगटावर करकचून रिबीन बांधली होती, कोणीतरी मुळी उगाळून आणली होती, आणि मी, जो सगळ्यांना शहाणपण शिकवत फिरतो तो मी, मोबाईलच्या उजेडात गडग्यातले दगड काढून साप शोधत होतो, का तर डॉक्टरला दाखवायला लागेल. म्हणजे एक जण चावून घेऊन बसलेली असताना दुसरा त्याच फटीत हात घालत होता. हा मूर्खपणा आठवला की अजून अंगावर काटा येतो.

रिक्षा मिळायला वीस मिनिटं. जवळच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, गेलो तर डॉक्टर मिटिंगला, सिस्टर बिचारी एकटी, म्हणाली इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे पण डॉक्टरांशिवाय मी देऊ शकत नाही, तुम्ही पुढे न्या. पुढे म्हणजे सव्वा तास. पुढच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट काय केली तर ती रिबीन सावकाश सोडली, हातातल्या बांगड्या काढायला लावल्या, आणि थोडं रक्त एका काचेच्या नळीत घेऊन ती नळी टेबलावर ठेवून दिली. हलवायची नाही म्हणाल्या. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं, गोठलंच नव्हतं. बस, एवढीच टेस्ट. मशीन नाही, लॅब नाही, दोन मिली रक्त नि एक स्वच्छ कोरडी काचेची नळी, प्लॅस्टिकची चालत नाही कारण रक्त गोठायला काच लागते. साप कोणता होता हे त्यांनी दोन शब्दांत विचारलं, आम्ही म्हटलं बघितला नाही, तर म्हणाल्या ठीक आहे, गरज नाही. विषावरच्या इंजेक्शनच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, सलाईनमधून गेल्या आणि पाचव्या दिवशी काकी घरी आली. बोट अजून पूर्ण वाकत नाही.

आता माझा मुद्दा. कोकणात सापाचा विषय निघाला की आपण फक्त सापाबद्दलच बोलतो. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकीची बातमी पडल्यावर दोन तट पडले, एक म्हणे दिसेल ते ठेचा, दुसरे म्हणे सापाला मारू नका तो शेतकऱ्याचा मित्र आहे, मग कोणीतरी सर्पमित्राची रील टाकली ज्यात भाऊ नागाच्या फण्याला पाठीमागून हात लावतोय, मग त्याला अंगठे आले, मग विषय संपला. पीएचसीत डॉक्टर का नव्हता हे दीडशे माणसांतून एकानेही विचारलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. सापाचं काय करायचं हा प्रश्न दुय्यम आहे हो, चावल्यावर तासाभराच्या आत औषध मिळेल का हा खरा प्रश्न आहे आणि तो माणसांचा, रस्त्यांचा, ड्यूटीचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

मारा म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आपला सिंधुदुर्ग त्यातच होता, वेगळा झाला 1981 ला) फुरसं नावाचा विषारी साप मारून आणणाऱ्याला सरकार रोख बक्षीस द्यायचं. लोकांनी लाखांनी फुरशी मारून दिल्याच्या नोंदी आहेत. लाखांनी. आणि आज दीडशे वर्षांनी आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन पावसाळ्यात कुठलाही कातळावरचा दगड उलटा करा, फुरसं आहेच. हा साप जेमतेम फूट-दीड फुटाचा, मातकट रंगाचा, जांभ्या दगडाच्या रंगात असा मिसळतो की बघता बघता दिसेनासा होतो. अंडी न घालता थेट पिल्लं घालतो. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खर्र्र असा करवतीसारखा आवाज करतो, तीच त्याची धोक्याची सूचना, पण कापणीच्या गडबडीत ती ऐकू येते कुणाला. ज्याला संपवायला एक सरकार बक्षीस देऊन हरलं त्याला तुम्ही काठीने संपवणार आहात? मारताना चावून घेणारे किती असतात ते वेगळंच.

पण दुसऱ्या तटाशीही माझं पूर्ण जमत नाही. दरवर्षी नागपंचमीच्या आसपास शाळेत कोणीतरी चार्ट घेऊन येतं, चाळीस सापांचे रंगीत फोटो, विषारी-बिनविषारी ओळखा. मुलांना मजा येते, मलाही आवडतो तो चार्ट, नानेटी, तस्कर, रुखई, खापरखवल्या, नावंच किती सुंदर आहेत. हरणटोळ डोक्यावर उडी मारून टाळू फोडत नाही, धामण गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पीत नाही, दिवड कितीही फिस्कारली तरी बिनविषारी, हे सगळं कळलं तर चांगलंच आहे, फुकटचे साप मरायचे वाचतील. पण अंधारात चावलेला साप ओळखणं हे चार्टचं काम नाही. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी, पण त्यांच्यात भलेभले फसतात. दोघं काळपट-तपकिरी, दोघांवर पांढरे पट्टे, दोघं रात्रीचे, दोघं घरात येणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे बहुतेकदा मानेपासून बरेच मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत जातात, हे मी आता खुर्चीत बसून लिहू शकतो, पण रात्री दोन वाजता अंथरुणात काहीतरी वळवळलं तर मला ते पट्टे मोजता येणार आहेत काय? आणि अर्धवट ओळख ही अज्ञानापेक्षा वाईट, कारण "अरे कवड्याच होता" म्हणून माणूस झोपून जातो.

मण्यारीचं हेच तर भयंकर आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक, दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणसुद्धा सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, लिंबूपाणी देतात, मग पापण्या जड होतात, उघडता येत नाहीत, बोलणं जड होतं, गिळता येत नाही, आणि मग श्वास. पावसाळ्यात पडवीत किंवा मांगरात (बागेतल्या खोपटात) खाली झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि झाकणाऱ्या पापण्या घेऊन उठला तर ती मण्यार समजून सरळ गाडीत घालायचं, साप दिसला की नाही याची वाट बघायची नाही. माझ्या मते शाळेतल्या चार्टवर सगळ्यात मोठ्या अक्षरात हे लिहायला हवं, त्या चाळीस फोटोंच्या आधी.

औषधाचं गणित तसं सोपं आहे. आपल्याकडे जे सर्पविषावरचं इंजेक्शन मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात जे तयार होतं त्यापासून ते बनवतात, मुंबईत परळला हाफकिनमध्ये या कामाची जुनी परंपरा आहे. चौघांना एकच औषध असल्यामुळे डॉक्टर साप बघत नाहीत, लक्षणं बघतात. रक्त गोठत नाही, सूज चढतेय, तर फुरसं-घोणसाकडची गोष्ट. पापण्या झाकतायत, श्वास मंदावतोय, तर नाग-मण्यारीकडची. लहान मुलाला डोस कमी करत नाहीत, कारण साप समोर मूल आहे म्हणून विष कमी टाकत नाही. घोणसाच्या केसमध्ये किडनीवर परिणाम होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते, म्हणून तिथे औषधाला उशीर झाला की पुढचं सगळं महाग होत जातं, पैशाने आणि जिवानेही.

मग पीएचसीत अडतं कुठे? मी नुसता शिव्या घालायला बसलेलो नाही. काकी बरी झाल्यावर मी दोन-तीन ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो, सगळे मनापासून बोलले. हे इंजेक्शन घोड्याच्या रक्तातलं असल्याने काही पेशंटना जोरदार रिअॅक्शन येते, बीपी पडतं, श्वास अडकतो, तेव्हा अॅड्रेनालिन हाताशी भरून ठेवावं लागतं आणि पेशंटजवळ उभं राहावं लागतं. आता नुकताच पास होऊन बाँडवर आलेला पंचविशीतला पोरगा, रात्री एकटा, बाहेर चाळीस माणसं जमलेली, त्यातली निम्मी प्यालेली, आणि पेशंट हातात गेला तर काच फुटणार आणि कॉलरही धरली जाणार. तो काय करणार, रेफर करणार. कागदावर रेफर लिहिलं की तो सुटला. मी त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं, हे कबूल केलंच पाहिजे.

पण म्हणूनच हा प्रश्न एका डॉक्टरच्या हिमतीवर सोडता येत नाही. पहिला डोस देऊन मग रेफर करा, हा नियम लेखी हवा आणि तो पाळणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी वरिष्ठ उभे राहिले पाहिजेत. कारण आपल्या भागात रेफर याचा अर्थ काय होतो बघा. तालुक्याहून ओरोस, ओरोसहून थेट गोव्याला बांबोळी, किंवा उत्तरेकडे राहत असाल तर घाट चढून कोल्हापूर. पावसात घाटात दरड आली तर? आता अलिबागला, रत्नागिरीला, सिंधुदुर्गातही सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, ते चांगलंच झालं, पण कॉलेज जिल्ह्याच्या गावाला आणि पान लागतं सड्यावर. मण्यार चावलेल्याचा श्वास घाटाच्या पाचव्या वळणावर थांबला तर गाडीत हाताने दाबायची अंबू बॅग आहे का आणि ती दाबता येणारं कोणी आहे का, एवढाच फरक जगण्या-मरण्यात राहतो.

कोणी म्हणेल खेड्यात असं नाही होऊ शकत. होऊ शकतं, आणि कोकणातच झालंय. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून पोरं पटापट दगावायची, तेव्हा या माणसाने ग्रामीण दवाखान्यात बसून, रात्र रात्र पेशंटच्या उशाशी थांबून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिलं. लॅन्सेटसारख्या जगातल्या मोठ्या नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं, 2022 ला पद्मश्री मिळाली. त्यांनी मोठं हॉस्पिटल बांधलं म्हणून विंचूदंशाचे मृत्यू कमी झाले नाहीत, स्वस्त गोळी पहिल्या दवाखान्यात आणि वेळेत पोचली म्हणून झाले. सापाचं औषध तर तयारच आहे, शोधायचंही नाही, फक्त फ्रीजमधून बाहेर काढून शिरेत घालायचंय.

मंत्र नि मुळीने विष उतरवणाऱ्या भगताबद्दल बोललं नाही तर लेख अर्धाच राहील. आमच्या सुशिक्षित मंडळींना वाटतं लोक अडाणी म्हणून भगताकडे जातात. मला तसं वाटत नाही. भगत पाच मिनिटांवर राहतो, रात्री दार उघडतो, मिटिंगला जात नाही, रेफर करत नाही आणि फॉर्म भरायला लावत नाही. शिवाय त्याचे बरेच पेशंट खरंच बरे होतात, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही, त्या सगळ्याचं श्रेय मुळीला जातं. जे मरतात ते त्यांचं नशीब. हा हिशोब भगताच्या बाजूनेच लागणार. मी आमच्या भगताला सरळ जाऊन भेटलो, माझ्या आजोबांच्या वयाचे आहेत, म्हटलं आजोबा तुमच्या मंत्राबद्दल माझं काही म्हणणं नाही पण माणूस तुमच्याकडे आला की आधी रिक्षा बोलवा, कापू नका, बांधू नका, पाजू काही नका. ते शांतपणे म्हणाले, "माका काय, मंतर मी रिक्षेत बसान पण घालीन." माझ्या पुण्याच्या एका मित्राला ही तडजोड अजिबात पटली नाही, म्हणाला तू अंधश्रद्धेला गाडीत बसवतोयस. असेल. पण गाडी दवाखान्याकडे चाललीय ना?

बचावाच्या सूचनांबद्दलही थोडं भांडायचंय मला. सगळीकडे लिहिलेलं असतं, शेतात गमबूट घाला. लिहिणारा लावणीच्या चिखलात एकदा तरी उभा राहिलाय का? पोटरीभर चिखलात गमबूट रुततो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. लावणीला बूट चालत नाहीत, हे मान्य करा आणि मग जिथे चालतात तिथला आग्रह धरा, गवत कापणीला, काजूच्या बागेत, कलमांखालचा पातेरा (गळलेली सुकी पानं) ओढताना. काजूच्या बिया पातेऱ्यात हाताने चाचपत गोळा करायच्या नाहीत, आधी काठीने पातेरा सारायचा. गवताचा भारा काठीने हलवून मग उचलायचा, उडवीत (रचलेल्या गवताच्या ढिगात) हात घालायचा नाही, गडग्यात तर नाहीच. चुलीसाठी रचलेली लाकडं नि सोडणांचा (नारळाच्या सुक्या सालींचा) ढीग घराला चिकटून ठेवायचा नाही, उंदीर तिथेच राहतात आणि उंदरामागून बाकीचे येतात. चालताना काठी आपटत चालायचं हे आजोबा करायचेच, साप जमिनीची थरथर ओळखतो आणि बाजूला होतो. फुरसं-घोणस मात्र जागचं हलत नाही, अंगाचं वेटोळं करून तिथेच बसतं, म्हणून काठीबरोबर टॉर्च पाहिजेच, मोबाईलचा नाही, चांगला टॉर्च. आणि झोपताना मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचलेल्या. डासासाठी घेतलेली दोन-तीनशे रुपयांची मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, यापेक्षा स्वस्त सौदा मला तरी माहीत नाही.

आणि घरात आला तर काय? त्याच्यावर लांबून नजर ठेवायची, पोरांना नि कुत्र्याला बाजूला करायचं, आणि वनखात्याच्या 1926 नंबरला किंवा माहितीतल्या सर्पमित्राला फोन करायचा. सर्पमित्रांबद्दल मला आदर आहे, मध्यरात्री स्वतःच्या पेट्रोलने येतात बिचारे. पण रीलसाठी हातात साप नाचवणाऱ्यांबद्दल नाही. हूक आणि पिशवी घेऊन शांतपणे काम करणारा सर्पमित्र कॅमेऱ्यात फार चमकत नाही, आणि तोच खरा.

आता पैशाची गोष्ट, जी कोणी बोलत नाही. बिबट्याने माणूस मारला तर वनखात्याकडून घरच्यांना 25 लाख मिळतात. साप त्या यादीत नाहीच. सापाने मेलेल्यासाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात 2 लाख, आणि ते कुणाला, तर सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातला एक जण. आता कोकणातला सातबारा डोळ्यासमोर आणा. पणजोबांच्या नावापासून सुरू होऊन साठ नावं, त्यातली चाळीस मुंबईत, दहा वारलेली, आणि प्रत्यक्ष शेतात वाकणारी वहिनी, तिचं नाव कुठेच नाही. आमच्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात, पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर झोपतात, रायगडात कातकरी वीटभट्ट्यांवर नि जंगलात अनवाणी फिरतात. पान लागण्याचा धोका ज्यांना सगळ्यात जास्त त्यांच्याकडे सातबारा नाही, म्हणजे त्यांच्या मरणाची किंमत शून्य. ही अट बदलायला हवी. शेतात राबणारा तो शेतकरी, कागद असो-नसो. बागायतदार मंडळींनी तरी (मीही त्यातलाच, चाळीस कलमं आहेत) राखण्याला खाट, मच्छरदाणी आणि टॉर्च देणं हे मजुरीचाच भाग समजावं. एका पेटीच्या पैशात होतं ते.

किनाऱ्यावरचं तर अजूनच वेगळं. मालवणकडे जाळ्यात समुद्री साप येतात, चपट्या शेपटीचे, जहाल विषारी. खलाशी त्यांना शेपटीला धरून सरळ पाण्यात भिरकावतात, रोजचंच काम आहे. आपलं इंजेक्शन जमिनीवरच्या चौघांसाठी बनवलेलं, समुद्रातल्यांसाठी नाही. आंबोलीकडच्या चापडा नावाच्या विषारी सापासाठीही नाही. तिथे पेशंटला नुसतं सांभाळावं लागतं, श्वास, किडनी, रक्त. म्हणजे तिथे तर हॉस्पिटलशिवाय काहीच नाही, आणि जाळं ओढताना जाड हातमोजे व काठी, एवढाच बचाव.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरलंय. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साधारण 12 लाख माणसं सापाने गेली असा मोठा अभ्यास आहे, वर्षाला सरासरी 58 हजार, त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरात. 2024 च्याच नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची प्रत्येक केस कळवणं बंधनकारक करा, कर्नाटकाने तर फेब्रुवारीतच केलं होतं. हे नोंदीचं प्रकरण कंटाळवाणं वाटतं पण सगळं त्याच्यावरच अडलंय. गावात किती जणांना पान लागलं हे कागदावर आलं नाही तर पीएचसीला किती व्हायल हव्यात हे वर कळणार कसं? वर्षाला दोनच केस दिसल्या तर स्टॉकही दोघांपुरताच येणार, मग तिसऱ्याला रेफर.

मी गेल्या ग्रामसभेत उभा राहून हेच विचारलं. आपल्या पीएचसीत आज किती व्हायल आहेत, अॅड्रेनालिन आहे का, काचेची नळी आहे का, आणि रात्री डॉक्टर नसेल तर फोन कुणाला करायचा. चारच प्रश्न. थोडी शांतता झाली, मग एकाने विचारलं काचेची नळी कशाला, मग मी ती वीस मिनिटांची टेस्ट सांगितली आणि पुढची दहा मिनिटं सगळी सभा त्यावरच बोलत राहिली, जो तो आपल्या घरातली पान लागल्याची गोष्ट सांगायला लागला. मी मोजत होतो. एका सभेत अकरा गोष्टी निघाल्या. ग्रामसेवकांनी प्रश्न वहीत लिहून घेतले, पत्र पाठवतो म्हणाले. अजून उत्तर नाही, या महिन्यात परत विचारणार आहे.

तोपर्यंत काकीने स्वतःची सोय केलीय. स्वयंपाकघरात भाताच्या कणगीच्या वर भिंतीवर मी मोठ्या अक्षरात 108 आणि पीएचसीचा नंबर लिहून चिकटवला होता. परवा बघतो तर त्याच्या वर, खडूने, वाडीतल्या रिक्षावाल्याचा नंबर. म्हटलं काकी, हा वर का? म्हणाली, "डॉक्टर उचलता काय नाय म्हायत नाय, रिक्षावालो फोन उचलता."